फंक्शन क्षणभराचे, डेटाबेस कायमचा : क्लाउडमधील दोन सेवांची जोडणी कशी होते?

धामणगाव रेल्वे : मध्य रेल्वेच्या मुंबई-नागपूर मार्गावर बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यान वसलेले हे तालुक्याचे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. हंगामात बाजार समितीच्या आवाराबाहेर मालाच्या गाड्यांची रांग लागते, हे दृश्य येथे नवे नाही. अलीकडे मात्र या रांगेआधी आणखी एक रांग लागू लागली आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करण्याची आणि माल आणण्याची वेळ आगाऊ ठरविण्याची पद्धत आणली. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये, तर लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. बाजारातील भाव हमीभावाच्या खाली असताना नोंदणी हुकणे म्हणजे घरात आलेल्या पिकावर तोटा सोसणे होय.

मोबाइलवरून केलेली अशी नोंदणी जाते कोठे, ती कोण नोंदवून घेते आणि गर्दीच्या वेळी ती अडते कशामुळे, हे प्रश्न त्यामुळे केवळ संगणक अभियंत्यांपुरते उरलेले नाहीत. असे ॲप उभारण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी गेल्या दशकात रूढ झालेला एक मार्ग म्हणजे ‘सर्व्हरलेस’ क्लाउड फंक्शन आणि क्लाउड कंपनीने सांभाळलेला ‘रिलेशनल’ डेटाबेस यांची जोडी. कमी खर्चात आणि कमी मनुष्यबळात सेवा सुरू करता येत असल्याने नवउद्योजक, महाविद्यालयीन प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि लहान संस्था या जोडीकडे वळतात. मात्र या दोघांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. एक क्षणभराचा, तर दुसरा कायमचा. सेवा टिकणार की गर्दीत कोलमडणार, हे बहुधा या दोहोंमधील जोडणीवरच ठरते.

एका नावाची अनेक गावे

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय, हे समजण्यासाठी या गावाचे नावच पुरेसे आहे. अमरावती जिल्ह्यातच धामणगाव गढी नावाचे दुसरे गाव आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही जोडीही याच जिल्ह्यातील. माणसे ‘रेल्वे’, ‘गढी’, ‘बढे’ अशी शेपटी लावून गोंधळ टाळतात. संगणकाला तेवढे पुरत नाही. त्याला प्रत्येक गावासाठी दुसऱ्या कोणाशीही न जुळणारी खूण लागते. रेल्वेने या स्थानकाला दिलेले ‘डीएमएन’ हे संकेताक्षर अशीच खूण आहे. डेटाबेसच्या परिभाषेत तिला ‘प्रायमरी की’ म्हणतात.

माहिती तक्त्यांमध्ये मांडायची, प्रत्येक ओळीला अशी खूण द्यायची आणि एका तक्त्यातील ओळीचा दुसऱ्या तक्त्यातील ओळीशी संबंध त्या खुणेवरून जोडायचा, ही या पद्धतीची मूळ कल्पना. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ती मांडली. शेतकऱ्यांचा एक तक्ता, खरेदी केंद्रांचा दुसरा, नोंदणीचा तिसरा. नोंदणीच्या ओळीत शेतकऱ्याची आणि केंद्राची खूण. शेतकऱ्याचे नाव पुनःपुन्हा लिहावे लागत नाही आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वत्र लागू होते. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ आणि ‘मायएसक्यूएल’ हे या पद्धतीचे सर्वांना मोफत उपलब्ध असलेले दोन प्रसिद्ध डेटाबेस आहेत.

डेटाबेस स्वतः चालविणे हे कष्टाचे काम आहे. यंत्र घ्या, ते चालू ठेवा, रोजची प्रत काढा, सुरक्षेच्या दुरुस्त्या करा, यंत्र बिघडल्यास दुसरे तयार ठेवा, असा तो संसार असतो. ॲमेझॉनने ऑक्टोबर २००९ मध्ये ‘आरडीएस’ ही सेवा सुरू करून हा भार स्वतःकडे घेतला. प्रारंभी तीत मायएसक्यूएल होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलची भर पडली. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल यांच्याही अशा सेवा आहेत. तथापि कंपनी यंत्र सांभाळते, व्यवहार नव्हे. तक्त्यांची रचना, कोणाला कोणती माहिती पाहू द्यायची याची परवानगी आणि एका वेळी किती जणांना आत घ्यायचे याचे गणित ही कामे ग्राहकाकडेच राहतात. नेमकी तेथेच चूक होते.

‘सर्व्हरलेस’ म्हणजे सर्व्हर नाही असे नव्हे

सर्व्हरलेस या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. सर्व्हर असतोच; तो कोणता, कोठला आणि केव्हा चालू झाला याची काळजी ग्राहकाला करावी लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. ग्राहक आपल्या प्रोग्रॅमचा लहानसा भाग, म्हणजे फंक्शन, क्लाउड कंपनीकडे देऊन ठेवतो. विनंती आली की कंपनी ते चालविते, उत्तर परत पाठविते आणि काम झाले की ते बाजूला ठेवते. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ या नावाने ही सेवा जाहीर केली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गुगल यांनीही तसेच पर्याय आणले.

आकारणी फंक्शन चालले तेवढ्या वेळेची होते. डिसेंबर २०२० पासून लॅम्डाची मोजणी मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात केली जाते. रात्री कोणीही विनंती केली नाही, तर फंक्शनचे बिल शून्य. सकाळी आठ वाजता हजार विनंत्या एकदम आल्या, तर कंपनी त्याच फंक्शनच्या अनेक प्रती उभ्या करते. लॅम्डामध्ये एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते. दुसरी विनंती त्याच क्षणी आली की दुसरी प्रत लागते. नोव्हेंबर २०२३ पासून एखादे फंक्शन दर १० सेकंदांना १,००० पर्यंत नव्या प्रती वाढवू शकते. खात्याची सर्वसाधारण मर्यादा प्रत्येक विभागात एका वेळी १,००० प्रतींची असून ती मागणी करून वाढविता येते.

हंगामी व्यवहाराला ही व्यवस्था सोयीची वाटते ती यामुळेच. वर्षातील दहा महिने शांतता आणि दोन महिने झुंबड, असे ज्या सेवेचे स्वरूप आहे, तिने बाराही महिने मोठे यंत्र चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

दार अरुंद, गर्दी अफाट

अडचण येते ती पलीकडच्या टोकाला. फंक्शनच्या प्रती शेकड्यांनी वाढतात. डेटाबेस तसा वाढत नाही. डेटाबेसशी बोलण्यापूर्वी प्रत्येक प्रतीला त्याच्याशी एक जोडणी उघडावी लागते. ओळख पटविणे, पासवर्ड तपासणे, संदेश गुप्त ठेवण्यासाठी किल्ल्यांची देवाणघेवाण करणे इतके सोपस्कार त्यात असतात. पोस्टग्रेएसक्यूएल तर प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करते आणि तिला मेमरी देते. म्हणून एकूण जोडण्यांवर मर्यादा घातलेली असते. मूळ स्वरूपात ती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १००, तर मायएसक्यूएलमध्ये १५१ आहे. आरडीएसमध्ये ही मर्यादा यंत्राच्या मेमरीवरून ठरते. एक जीबी मेमरीच्या लहान यंत्रावर ती शंभराच्या आसपास येते.

याचे गणित साधे आहे. दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्यांना एका विनंतीस लागणाऱ्या वेळेने गुणले की एका वेळी किती प्रती चालू असतील ते कळते. सेकंदाला १०० विनंत्या आणि प्रत्येकीला २०० मिलिसेकंद, म्हणजे २० प्रती. लहान डेटाबेस हे सहज पेलतो. आता समजा, एखादा शोध नीट लिहिलेला नाही आणि तक्ता मोठा झाल्यामुळे त्याला २ सेकंद लागू लागले. विनंत्या तेवढ्याच, १००. परंतु प्रती २०० झाल्या. डेटाबेसची दारे शंभर. उरलेल्या शंभर जणांना ‘क्षमस्व, आधीच फार ग्राहक आहेत’ अशा अर्थाचा नकार मिळतो. नकार मिळालेला शेतकरी बटण पुन्हा दाबतो. विनंत्या दुप्पट होतात, डेटाबेस आणखी संथ होतो आणि पाहता पाहता सेवा ठप्प होते.

बाजारातील अनुभव यापेक्षा वेगळा नाही. फाटकावर कितीही माणसे नेमली, तरी आत काटा एकच असेल तर माल त्याच गतीने मोजला जाणार. फाटक रुंद केल्याने काट्यावरची झुंबड केवळ वाढते.

निद्रिस्त जोडण्यांचा त्रास

यात आणखी एक छुपी अडचण आहे. काम संपले म्हणून फंक्शनची प्रत लगेच नष्ट होत नाही. पुढची विनंती लवकर आली तर उपयोगी पडावी म्हणून कंपनी ती काही काळ गोठवून ठेवते. प्रतीने उघडलेली जोडणीही त्यामुळे डेटाबेसच्या बाजूला तशीच उघडी राहते. पुढे ती प्रत काढून टाकली गेली, तरी डेटाबेसला त्याची खबर लागेलच असे नाही. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय जोडणी तोडण्याची मूळ मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे तब्बल आठ तास आहे. सकाळच्या गर्दीत उघडलेल्या जोडण्या दुपारपर्यंत जागा अडवून बसू शकतात. ही मुदत काही मिनिटांवर आणणे हा पहिला सोपा उपाय होय.

जोडणी फंक्शनच्या कोणत्या भागात उघडायची, हेही महत्त्वाचे आहे. प्रत्येक विनंतीच्या वेळी जोडणी उघडून बंद केली, तर सोपस्कारांतच वेळ जातो. त्याऐवजी ती विनंती हाताळणाऱ्या भागाच्या बाहेर, प्रत सुरू होताना एकदाच उघडली, तर तीच प्रत पुढच्या विनंतीसाठी ती पुन्हा वापरू शकते. मात्र मधल्या काळात जोडणी तुटली असल्यास ती ओळखून नवी उघडण्याची तजवीज प्रोग्रॅममध्ये असावी लागते. एका प्रतीने एकाहून अधिक जोडण्या धरून ठेवू नयेत, हा नियमही पाळावा. सामान्य सर्व्हरसाठी लिहिलेली अनेक सॉफ्टवेअर स्वतःहून पाच-दहा जोडण्या उघडून ठेवतात. ती सवय येथे घातक ठरते.

रस्ता : खासगी जाळे आणि पहारा

डेटाबेसपर्यंतचा रस्ता कसा असावा? सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे. जगभरातून चालू दारे हुडकणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२ व मायएसक्यूएलचे ३३०६ हे पोर्ट त्यांच्या यादीत असतातच. शेतकऱ्यांचे सातबारा, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक अशा दारामागे ठेवणे म्हणजे तिजोरी रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे.

योग्य मार्ग असा की, क्लाउडमध्ये आपले खासगी जाळे आखावे आणि डेटाबेस त्याच्या आतल्या, इंटरनेटशी न जोडलेल्या भागात ठेवावा. फंक्शनलाही त्याच जाळ्यात प्रवेश द्यावा. लॅम्डाला ही सोय फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. प्रारंभी अशा फंक्शनला पहिल्या विनंतीच्या वेळी सुरू होण्यास कित्येक सेकंद लागत, त्यामुळे अनेकांनी तो मार्ग टाळला. सप्टेंबर २०१९ मध्ये अंतर्गत रचना बदलण्यात आल्यानंतर ही दिरंगाई बहुतांश नाहीशी झाली. जुने लेख वाचून आजही जे डेटाबेस उघडा ठेवतात, त्यांचे कारण आता उरलेले नाही.

त्यानंतर पहारा. क्लाउडमध्ये ‘सिक्युरिटी ग्रुप’ नावाचे नियमसंच असतात. डेटाबेसच्या नियमात एवढेच लिहावे की, फंक्शनच्या गटाकडून आलेली आणि नेमक्या त्याच पोर्टवर आलेली विनंती आत घ्यावी. बाकी सर्व नाकारावे. पत्ता न देता गटाचे नाव देणे येथे सोयीचे ठरते, कारण फंक्शनच्या प्रतींचे पत्ते बदलत राहतात.

खासगी जाळ्यातील फंक्शनला बाहेरचे इंटरनेट मात्र आपोआप मिळत नाही. नोंदणी झाल्यावर शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा असेल, तर बाहेर जाण्यासाठी ‘नॅट गेटवे’ लागतो आणि त्याची आकारणी तासाप्रमाणे होते. फंक्शन स्वस्त म्हणून निवडलेल्या सेवेचे बिल फुगते ते अनेकदा येथे. एसएमएस पाठविण्याचे काम खासगी जाळ्याबाहेरील दुसऱ्या फंक्शनकडे सोपविणे हा त्यावरील एक उपाय आहे.

दोन्ही सेवा एकाच विभागात ठेवणे हाही प्राथमिक नियम. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात तीन ठिकाणी क्लाउड केंद्रे उघडली. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये, तर हैदराबाद विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. गुगलचे मुंबई केंद्र २०१७ चे. फंक्शन मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेत, अशी रचना चुकून झाली तर प्रत्येक प्रश्नोत्तराला सुमारे २०० मिलिसेकंद प्रवासातच जातात. एका नोंदणीत पाच प्रश्न असतील, तर सेकंद वाया. वर पाहिलेल्या गणितानुसार वेळ वाढला की प्रती वाढतात आणि दार अपुरे पडते.

किल्ली कोणाकडे?

डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून ठेवणे ही नवशिक्यांची सर्वाधिक आढळणारी चूक. तो मजकूर मित्राला दिला किंवा सार्वजनिक भांडारात चढविला की किल्लीही त्याबरोबर गेली. पासवर्ड क्लाउडच्या गुपित सांभाळणाऱ्या सेवेत ठेवावा आणि फंक्शनने तो चालताना तेथून घ्यावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कायमचा पासवर्डच न ठेवता फंक्शनच्या ओळखीवरून तात्पुरता परवाना घेणे. आरडीएसमध्ये असा परवाना १५ मिनिटे वैध असतो.

फंक्शनला डेटाबेसवर किती अधिकार द्यावेत, यालाही मर्यादा हवी. नोंदणी लिहिणाऱ्या फंक्शनला तक्ता पुसण्याचा अधिकार नको. वापरकर्त्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नात चिकटवू नये. तो स्वतंत्र मूल्य म्हणून पाठवावा. तसे न केल्यास नावाच्या रकान्यात डेटाबेसची आज्ञा लिहून माहिती चोरण्याची जुनीच युक्ती येथेही चालते.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ही जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही.

मध्यस्थाची गरज

एवढी काळजी घेऊनही प्रती शेकड्यांवर गेल्या, तर मध्यस्थ नेमावा लागतो. बाजारात शेकडो शेतकरी आणि मोजके खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या उभा असतो, तशीच ही रचना. मध्यस्थ डेटाबेसशी मोजक्या जोडण्या कायम उघड्या ठेवतो. फंक्शनच्या प्रती त्याच्याशी बोलतात आणि तो प्रत्येकीला रिकामी जोडणी क्षणापुरती देऊन परत घेतो. पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ‘पीजीबाउन्सर’ हे मोफत सॉफ्टवेअर हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहे. ॲमेझॉनने ‘आरडीएस प्रॉक्सी’ ही तयार सेवा डिसेंबर २०१९ मध्ये चाचणीसाठी आणि जून २०२० मध्ये सर्वांसाठी खुली केली.

मध्यस्थाची दलाली असतेच. आरडीएस प्रॉक्सीची आकारणी फंक्शन चालो वा न चालो, तासाप्रमाणे होते. शिवाय एखाद्या प्रतीने जोडणीवर स्वतःच्या विशेष सूचना लादल्या, तर मध्यस्थाला ती जोडणी त्याच प्रतीसाठी अडवून ठेवावी लागते आणि मूळ फायदाच नाहीसा होतो. मध्यस्थ जोडण्यांची टंचाई दूर करतो, संथ प्रश्नांचा वेग वाढवीत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मध्यस्थापूर्वी दोन स्वस्त उपाय करून पाहावेत. पहिला, फंक्शनच्या एकूण प्रतींवर कमाल मर्यादा घालणे. डेटाबेसची दारे शंभर असतील, तर प्रती साठच ठेवाव्यात. उरलेली दारे देखभाल आणि अहवालांसाठी राखून ठेवावीत. दुसरा, जे काम त्याच क्षणी होणे आवश्यक नाही ते रांगेत टाकणे. नोंदणी येताच तिला टोकन क्रमांक द्यावा, मजकूर क्लाउडच्या रांगसेवेत ठेवावा आणि दुसऱ्या फंक्शनने तो आपल्या गतीने डेटाबेसमध्ये लिहावा. शेतकऱ्याला नकार मिळत नाही. त्याला ‘आपला अर्ज मिळाला’ असे उत्तर मिळते. बाजाराच्या फाटकावर टोकन देण्याची पद्धत याच विचारातून आलेली आहे.

एकच पावती दोनदा

रांगेमुळे एक नवा धोका निर्माण होतो. समजा, फंक्शनने नोंदणी लिहिली. पण ‘झाले’ असे कळविण्यापूर्वीच त्याची मुदत संपली. लॅम्डाची कमाल मुदत १५ मिनिटांची असली, तरी व्यवहारात ती काही सेकंदांचीच ठेवली जाते. रांगेला वाटते, काम झालेच नाही. ती तोच अर्ज पुन्हा पाठविते. एकाच शेतकऱ्याच्या दोन नोंदी होतात आणि दुसऱ्या कोणाची तरी वेळ त्यात जाते.

येथे रिलेशनल डेटाबेसचा खरा उपयोग दिसतो. प्रत्येक अर्जाला मोबाइलवरच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तक्त्यात तो क्रमांक दोनदा येऊ शकणार नाही असा निर्बंध घालावा. अर्ज कितीही वेळा आला, तरी नोंद एकच होते. त्याचप्रमाणे केंद्र, तारीख आणि वेळ यांच्या एकत्रित खुणेवर निर्बंध घातला, तर एकच वेळ दोघांना दिली जात नाही. वेळ राखून ठेवणे आणि शेतकऱ्याच्या नावे नोंद करणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात कराव्यात, म्हणजे एक झाली आणि दुसरी राहिली असे होत नाही. हा न्याय प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नये. शंभर प्रती एकाच वेळी चालत असताना त्यांना एकमेकींची खबर नसते. सर्वांचा हिशेब एका जागी असतो तो डेटाबेसमध्येच.

बिघाड कसा ओळखावा?

जोडणी होत नसेल, तर चुकीच्या स्वरूपावरून कारण कळते. फंक्शन काहीही न सांगता मुदत संपेपर्यंत थांबून राहिले, तर रस्ता बंद आहे. खासगी जाळे आणि पहाऱ्याचे नियम तपासावेत. नकार तत्काळ आला, तर पत्ता किंवा पोर्ट चुकीचे असण्याची शक्यता अधिक. पासवर्ड अमान्य झाल्याचा संदेश आला, तर रस्ता ठीक असून किल्ली चुकली आहे. एरवी सुरळीत चालणारी सेवा केवळ गर्दीच्या वेळी अडत असेल, तर जोडण्यांची संख्या आणि संथ प्रश्न पाहावेत. जोडणीची प्रतीक्षा तीन ते पाच सेकंदांहून अधिक न ठेवणे हितावह, म्हणजे चूक लवकर उघडी पडते आणि प्रती विनाकारण अडकून राहत नाहीत.

खर्च आणि पर्याय

फंक्शन न वापरल्यास फुकट असले, तरी त्यामागचा डेटाबेस रात्रंदिवस चालू असतो आणि त्याचे भाडे तासाप्रमाणे लागते. आरडीएसचे यंत्र तात्पुरते थांबविता येते. मात्र सात दिवसांनंतर ते आपोआप पुन्हा सुरू होते. सराव म्हणून उघडलेला डेटाबेस विसरून महिन्याअखेर बिल पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मागणी नसताना शून्यावर जाणारे डेटाबेसही आता आहेत. ॲमेझॉनच्या ‘ऑरोरा सर्व्हरलेस’च्या दुसऱ्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२४ मध्ये ही सोय मिळाली. झोपलेला डेटाबेस जागा होण्यास सुमारे १५ सेकंद लागतात, त्यामुळे पहिल्या ग्राहकाला तिष्ठावे लागते.

सर्वच ठिकाणी ही जोडी योग्य ठरत नाही. वीस कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाला दिवसभर सारखाच भार असतो; तेथे एक लहान सर्व्हर आणि त्याने कायम धरून ठेवलेल्या पाच-दहा जोडण्या स्वस्त आणि सोप्या पडतात. ज्या सेवेवर वर्षाकाठी काहीच दिवस हजारो माणसे एकदम येतात, तेथे सर्व्हरलेस फंक्शनचा लाभ खरा. परंतु त्याच दिवसांत डेटाबेसचे दारही सर्वाधिक ठोठावले जाते. म्हणून अशा सेवेची चाचणी एकट्याच्या मोबाइलवरून न घेता, हंगामाच्या पहिल्या सकाळची गर्दी कृत्रिमरीत्या निर्माण करून, हंगामापूर्वीच घेतली पाहिजे. हुकलेल्या नोंदणीची भरपाई नंतर दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमने होत नाही.

थोडक्यात

• फंक्शन आणि डेटाबेस एकाच विभागात, एकाच खासगी जाळ्यात ठेवावेत. डेटाबेस इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

• पहाऱ्याचे नियम फंक्शनच्या गटापुरते आणि एकाच पोर्टपुरते ठेवावेत.

• पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहू नये. गुपित सांभाळणारी सेवा किंवा तात्पुरता परवाना वापरावा.

• एका प्रतीची एकच जोडणी. ती प्रत सुरू होताना उघडावी आणि पुन्हा वापरावी.

• फंक्शनच्या प्रतींची कमाल संख्या डेटाबेसच्या जोडण्यांपेक्षा कमी ठेवावी. गरज पडल्यास रांग आणि त्यानंतर मध्यस्थ यांचा विचार करावा.

• दुबार नोंद टाळण्याचा निर्बंध डेटाबेसच्या तक्त्यातच घालावा.

• गर्दीची चाचणी हंगामापूर्वी घ्यावी.